पोटगी आणि वाटा

ब्रह्मपुरीकडे धानाची रोवणी चालू असते तेव्हा बांध्यांत वाकलेल्या बहुतेक बायाच दिसतात. सातबाऱ्यावर नाव मात्र बहुधा नवऱ्याचं. लग्न मोडलं तर १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानं तिला पोटगी मिळू शकते. संसारात त्याच्या नावावर घेतलेल्या बांधीत अर्धा वाटा आपोआप मिळत नाही. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी धरतात. रक्कम कदाचित सारखीच निघेल. पण पोटगीसाठी बाईला आपली गरज मांडावी लागते, वाट्यासाठी नुसता हिशेब पुरतो. तिनं रोवलेलं धान विकून घेतलेली बांधी एकट्या त्याची कशी? मग संसारासाठी काढलेलं सोसायटीचं कर्जही निम्मं तिचं. मला ते मान्य आहे.