पाहणारा कोणी नसताना

‘आपण पाहिलं की कण वागणं बदलतो’ हे क्वांटम भौतिकीतलं वाक्य एव्हाना प्रवचनांतही ऐकू येतं. पाठोपाठ ‘म्हणजे तुमच्या मनानेच विश्व घडतं’ हे दुसरं येतं. पहिल्यात तथ्य आहे. दुसरं त्याच्या आडोशाने आत शिरलेलं असतं.

१९८९ मध्ये जपानच्या हिताची कंपनीतल्या आकिरा तोनोमुरा यांच्या चमूने जवळजवळ एकेक करून इलेक्ट्रॉन सोडले. प्रत्येकापुढे दोन वाटा होत्या. पडद्यावर विस्कळीत ठिपके पडत गेले आणि हजारो साचल्यावर त्यांतून उजळ-गडद पट्टे उमटले. एकेकटा इलेक्ट्रॉनही दोन्ही वाटांचा हिशेब धरून चालतो. कुठल्या वाटेने गेला हे कळेल अशी सोय केली, की पट्टे जातात.

का जातात? हायझेनबर्ग यांनी १९२७ मध्ये सुचवलं की पाहायचं तर प्रकाश टाकावा लागतो आणि त्याचा धक्का कणाला बसतो. हे पटतं, पण पुरत नाही. १९९८ मध्ये जर्मनीत कॉन्स्टान्स इथे रुबिडियम अणूच्या अंतर्गत अवस्थेतच वाटेची खूण ठेवली गेली. धक्का अगदी नगण्य होता, तरी पट्टे पुसले गेले.

मला सर्वांत बोलका वाटतो तो व्हिएन्नातला २००४ चा प्रयोग. सत्तर कार्बन अणूंचे रेणू लेझरने तापवून निर्वातातून सोडले. भट्टीतलं लोखंड उजेड फेकतं तसा तापलेला रेणूही प्रकाशकण फेकतो आणि त्यातून आपला ठावठिकाणा बाहेर फोडतो. तापमान वाढवलं तसे पट्टे फिके होत गेले. ते प्रकाशकण कोणी टिपले नव्हते, वाचले नव्हते. भिंतींनी शोषले, इतकंच. निरीक्षणाला मन लागत नाही. माहिती निसटून परिसरात मिसळली की पुरे.

तरी एक गाठ उरते. पट्टे का पुसले जातात ते यातून कळतं. पण पुढचा ठिपका नेमका इथेच का, जरा डावीकडे का नाही, ते कळत नाही. काहींच्या मते सगळ्याच शक्यता वेगवेगळ्या जगांत खऱ्या होतात. काहींच्या मते वस्तू पुरेशी जड झाली की शक्यता आपोआप कोसळून एकच उरते. या दुसऱ्यांचं मला बरं वाटतं, कारण त्यांना प्रयोगाने खोटं पाडता येतं. २०१९ मध्ये व्हिएन्नातच सुमारे २००० अणूंच्या रेणूंनी पट्टे दाखवले; कोसळण्याचा मागमूस तिथवर तरी लागलेला नव्हता.