मैफल अख्खी टिपा

गावोगावच्या संगीत मंडळांनी एक सवय आता मोडली पाहिजे. मैफल ठरली की हारतुरे, शाल-श्रीफळ, बॅनर, व्हिडिओवाला यांची यादी होते. ध्वनिमुद्रण मात्र कुणाच्या गावीही नसते. आयत्या वेळी साउंडवाल्याच्या मिक्सरला पेनड्राइव्ह लावायचा आणि मैफल जपली असे समजायचे!

असे मुद्रण अर्धवट राहते, याला कारण आहे. मिक्सरवाला समोरच्या श्रोत्यांसाठी तोल साधतो. छोट्या सभागृहात तबला मुळातच खणखणीत ऐकू येतो, म्हणून त्याचा माइक तो खाली ठेवतो आणि गवयाचा वर चढवतो. पेनड्राइव्हमध्ये उतरते ते फक्त माइकमधून आलेले. घरी ऐकताना तबला भिंतीपलीकडे वाजतो, तानपुरा हरवतो, समेवरची दाद तर नसतेच. तीन तास जीव ओतून साथ करणाऱ्यांवर हा अन्याय आहे आणि त्यावरून शिकू पाहणाऱ्याची फसवणूक.

उपाय जुनाच आहे. ब्रिटिश अभियंते अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्येच स्टिरिओ ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पुढे फ्रेंच रेडिओवर रुळलेली ओआरटीएफ पद्धत तर कोणत्याही मंडळाला जमेल. एकाच स्टँडवर दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारे) माइक, त्यांच्या तोंडांमध्ये १७ सेंटीमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन. डावीकडचा आवाज डाव्या माइकला किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो. त्यावरून तबला कुठे, पेटी कुठे, हे ऐकणाऱ्याला उमगते. स्टँड रंगमंचाच्या कडेला, गवयापासून दोनेक मीटरवर, मोठ्या स्पीकरच्या मागे ठेवावा. माइक बसलेल्या गवयाच्या डोक्याहून थोडे वर, खाली कललेले. मैफलीआधी हेडफोन लावून ऐकावे आणि एखादे वाद्य दबत असेल तर स्टँड तिकडे सरकवावा. मिक्सरचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्यावा. शब्द पुसट वाटले तर नंतर चवीपुरता मिसळता येतो. रंगमंचावरचे मॉनिटर स्पीकर मात्र आवरते घ्यावे लागतील, नाहीतर त्यांचा आवाजही या माइकमध्ये शिरेल. कलाकारांच्या कानांनाही ते बरेच.

खर्चाचे रडगाणे नको. सजावटीवर हात जरा आखडता घेतला, तर माइकची जोडी मंडळाच्या मालकीची होऊ शकते.

परवानगी हवीच, आणि तीही एकट्या गवयाची पुरेशी नाही, साथीदारांचीही हवी. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ पासून सुरू होते. १९४६ मध्ये निवर्तलेले थोर गवई अल्लादिया खाँसाहेब यांनी मात्र आपले गाणे ध्वनिमुद्रिकेवर येऊ दिले नाही. तो त्यांचा अधिकार होता. जो कलाकार हो म्हणतो, त्याच्या होकाराला जागणे हे आपले कर्तव्य.

तेव्हा पुढच्या अंदाजपत्रकात ध्वनिमुद्रणाची ओळ घाला. मुद्रणाची प्रत तबलावादकाला, पेटीवादकाला आणि तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्यालाही द्या. काम नीट झाले की नाही, याचा निवाडा त्यांनाच करू द्या.