हातचं आहे, फरक असणारच

हाताने रंगवलेल्या कापडाच्या कुठल्याही स्टॉलवर हे वाक्य हमखास ऐकू येतं. ओढणीच्या एका टोकाला रंग गडद, दुसऱ्या टोकाला पुसट, मध्येच एक ओघळ. गिऱ्हाईक त्यावर बोट ठेवून विचारतं, "हे असं कसं हो?" विकणारी हसून सांगते, "ताई, हातचं आहे, फरक असणारच." मग गिऱ्हाईकच ओशाळतं. गिरणीचा माल वापरून वापरून आपल्यालाच हातचं काही कळेनासं झालं असावं, असं त्याला वाटतं, आणि ओघळासकट ओढणी पिशवीत जाते.

मला हे वाक्य पटत नाही. भाकरी करपली तर तिला कुणी गावरान म्हणून वाढत नाही. मग कापडावरचा डाग मात्र हातचा म्हणून का खपवायचा?

जुन्या रंगाऱ्यांचा सगळा जीव रंग एकसारखा बसण्यात होता. वऱ्हाड-खानदेशात पूर्वी आल लावत, म्हणजे बारतोंडी. तिची मुळं तीन-चार वर्षांची झाली की जमीन खोल खणून काढायची. रंग भरपूर असे तो बारीक मुळांत, म्हणून खणणाऱ्यालाही घाई करून चालत नसे. त्या मुळांचा तांबडा रंग सुती कापडावर सुखासुखी धरत नाही. जागोजाग पद्धत वेगळी, पण ढोबळ क्रम असा: कापड खारात उकळून खळ आणि मेण काढायचं, एरंडेल आणि खाराच्या पाण्यात पुन्हा पुन्हा बुचकळून वाळवायचं, हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, तुरटी द्यायची आणि शेवटी मुळांच्या भुकटीत मंद आचेवर सतत खालीवर करत शिजवायचं. यातून निघालेला खारवा चोपड्यांच्या पुठ्ठ्यांना लागे, रुमालांना लागे. इतके दिवस मोडून कापडावर पट्टे उठले असते, तर ‘हातचं आहे’ म्हणून ते कुणी घेतलं नसतं. त्या काळी सगळंच हातचं होतं!

खाराचा विषय निघाला की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणार येणारच. अबुल फजलच्या आइन-ए-अकबरीत लोणारच्या सरोवराची नोंद आहे, आणि काच व साबण करायचं साहित्य तिथे मिळतं असं त्यात म्हटलं आहे. ते साहित्य म्हणजे सरोवराकाठी साचणारा सोडा. आज कुणी तिथे खार गोळा करायला जाऊ नये. लोणार अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतही आहे. (त्याच वर्षी जूनमध्ये ते पाणी आपोआप गुलाबी झालं होतं, क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. रंगाऱ्याशिवाय एवढा मोठा हौद एकसारखा रंगलेला जिल्ह्याने दुसरा पाहिला नसेल.) किराणा दुकानातला धुण्याचा सोडा म्हणजे मुळात तोच पदार्थ, आणि आपलं काम त्यावर भागतं.

१८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या दोघा जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतलं तांबडं द्रव्य, अ‍ॅलिझरिन, प्रयोगशाळेत तयार केलं. पुढच्या काही दशकांत मंजिष्ठेबरोबर आलही शेतातून गेली. वऱ्हाडच्या कापसाचं नाव मात्र मोठं झालं. अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते ६५ दरम्यान, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांचं लक्ष इकडे वळलं. खामगावची बाजारपेठ कापसावर वाढली. कापूस इथून बाहेर गेला, कापड बाहेरून रंगून आलं, आणि इथे रंगारी, भावसार, निराळी ही आडनावं तेवढी उरली. पुण्यात भाऊसाहेब रंगारींचा गणपती सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचं नाव भाऊ लक्ष्मण जावळे आणि ‘रंगारी’ हे घरच्या शालू रंगवण्याच्या धंद्यावरून पडलेलं, हे मांडवात हात जोडणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल कोण जाणे. सरकारी यादीतही रंगाऱ्याची तीच गत. २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली, तिच्यात १८ व्यवसाय घेतले. शिंपी आहे, परीट आहे. कापड शिवणारा आणि धुणारा दोघेही बसले, रंगवणारा बाहेर राहिला.

तरीही आज याच जिल्ह्यातल्या देऊळघाटात कुणी घरच्या परसात दोन चुली मांडून हा उद्योग सुरू करायचं म्हटलं, तर करता येतो. कापड मिळतं, सूत मिळतं, हिरडा आणि तुरटी काष्ठौषधीच्या दुकानात मिळते, कांद्याची सालं आणि डाळिंबाची टरफलं तर लोक फुकट देतील. अवघड गोष्ट एकच, पाणी. ते किती आहे हा एक प्रश्न, आणि कसं आहे हा दुसरा.

हिरड्यात टॅनिन असतं. टॅनिनची आणि लोखंडाची गाठ पडली की काळं होतं. शाई याच जोडीतून करत. आता हे चुलीपाशी कसं घडतं ते बघा. मांजरपाट सोड्यात उकळून झालं, हिरड्याच्या पाण्यातून काढून वाळवलं, छान साईसारखा पिवळट रंग आला. तुरटीच्या पाण्यासाठी बादली भरायला घेतली. बादलीची कडी गंजलेली. कडीवरून ओघळलेला एक थेंब कापडावर पडला. आधी काहीच दिसत नाही. मग त्या जागी राखाडी ठिपका उमटतो, बघता बघता निळसर काळा होतो आणि कडेने पसरतो. धुवून जात नाही, साबणाने जात नाही. वर डाळिंबाचा पिवळा चढवला तर तो आणखी उठून दिसतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर एक थेंब सोडाच, सगळंच कापड मळकं निघतं. म्हणून भांडी स्टीलची घ्यायची, नाहीतर तामचिनीची, तीही टवका न उडालेली. वाळत घालायच्या तारेला गंज नको. आणि रंगाला हात घालण्याआधी, येणारं पाणी हिरडा दिलेल्या एका चिंधीवर टाकून बघायचं. हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि न करणारे पुष्कळ आहेत.

दुसरी परीक्षा याहून सोपी. उकळून वाळवलेल्या कापडावर पाण्याचा एक थेंब सोडायचा. तो वरच थबकला तर खळ आणि मेण अजून शिल्लक आहे. पडताक्षणी मुरला तर कापड तयार. स्टॉलवरच्या ओघळांपैकी निम्म्यांचं मूळ रंगात नसतंच, या न उकळलेल्या कापडात असतं. उकळायला गॅस जळतो, तासभर जातो, आणि त्या तासात दिसण्यासारखं काही घडत नाही. पाणी तेवढं पिवळट-तपकिरी होतं. रंगाच्या पातेल्याचे फोटो सगळे काढतात, या पातेल्याचा कुणी काढत नाही.

आता फरक खरोखर असतो तो कुठे, तेही सांगायला हवं, नाहीतर मी नुसताच दोष काढतोय असं होईल. एका हंड्यातल्या कापडात फरक पडला तर तो हाताचा दोष. दोन हंड्यांत पडला तर तो बऱ्याचदा मालाचा आणि पाण्याचा गुण. यंदाचं डाळिंब आणि पुढच्या वर्षीचं डाळिंब सारखं नसतं. विहिरीचं पाणी श्रावणात वेगळं, माघात वेगळं. हा फरक गिऱ्हाईकाने सोसावा असं म्हणायला जागा आहे, पण तो घेण्याआधी सांगितला पाहिजे.

सुताच्या बाबतीत तर हे फारच जपावं लागतं. कापडाचा तुकडा रंगवला, विकला, संपलं. सुताची लडी मात्र रंगून निघाल्यावर तिच्यावर दुसऱ्याची मेहनत व्हायची असते. येवल्याच्या पैठणीचं घ्या. ती मागावर महिनोन्‌महिने असते. मध्येच बाण्याचा रेशमी धागा संपला आणि नव्या लडीचा रंग किंचित जरी हलला, तरी पदराकडे जाताना आडवी रेघ दिसते, आणि ती विणकराच्या नावावर लागते. घरी स्वेटर विणणारीचंही तेच. म्हणून सूत रंगवणाऱ्याने एका कामाला लागेल तेवढं सगळं सूत, वर थोडं जास्त धरून, एकाच हंड्यात रंगवायचं, आणि हंड्यात मावत नसेल तर ते काम घ्यायचं नाही. मोठ्या ऑर्डरला नाही म्हणणं सुरुवातीच्या दिवसांत जिवावर येतं. पण छोट्या हंड्यात मोठी ऑर्डर तीन खेपांत रंगवली की तीन रंग निघतात.

यावर उपाय म्हणजे वही. साधी, दोनशे पानी. एका पानावर एक हंडा: कोरड्या कापडाचं वजन, हिरडा किती, तुरटी किती, रंगाचा माल किती आणि कुठला, पाणी कुठलं, किती वेळ शिजवलं, तारीख. शेजारी रंगलेल्या कापडाची बोटभर पट्टी टाचणीने लावलेली. किलोभर सुती कापडाला साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम हिरडा आणि तेवढ्याच्या आसपास तुरटी, हा झाला पुस्तकी हिशोब. आपल्या पाण्यावर, आपल्या चुलीवर तो किती सरकतो ते वहीच सांगते. वजनकाटा न वापरता ‘अंदाजाने’ टाकणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण अंदाज बसायला आधी वर्षानुवर्षं मोजलेलं असावं लागतं. घराण्यातल्या रंगाऱ्याला ते बापाच्या हाताखाली मिळायचं. आज नव्याने सुरुवात करणारीला वही हाच बाप.

वही असली की गिऱ्हाईकाच्या "असाच रंग परत मिळेल का?" या प्रश्नाला सरळ उत्तर देता येतं. रासायनिक रंग असेल तर मिळेल. १९५६ पासून बाजारात आलेले रिअ‍ॅक्टिव्ह रंग मीठ-सोड्यावर सुताला पक्के बसतात आणि ग्रॅमच्या हिशोबाने पुन्हा तसेच येतात. ते वापरण्यात कमीपणा काही नाही. त्यांच्यावर ‘नैसर्गिक’ अशी चिठ्ठी लावण्यात आहे. काही अ‍ॅझो रंगांतून घातक द्रव्यं सुटतात म्हणून आपल्याकडे १९९७ मध्ये त्यांच्यावर बंदी आली, तेव्हा डब्यात काय आहे ते विचारून घेणं एवढी काळजी पुरे. डाळिंब, हिरडा असेल तर उत्तर ‘जवळपास मिळेल’. आणि पळस असेल तर ‘नाही’.

पळसाबद्दल बोलायचं तर, फाल्गुनात या डोंगरांत तो असा पेटतो की त्याचा रंग सुताला द्यायचा मोह कुणालाही व्हावा. पण होळीला लोक तो अंगावर घेतात तेच मुळी धुवून निघतो म्हणून. तुरटी देऊनही तो उन्हात उतरतो, हळदीसारखाच. शिवाय ज्ञानगंगा अभयारण्यातली फुलं वेचायला जाणं हा गुन्हा आहे. बांधावरच्या पळसाची घ्यावीत आणि ती लहान मुलांच्या टोपड्यांवर, सणापुरत्या रुमालांवर वापरावीत, जिथे रंग वर्षभर टिकावा अशी कुणाची अपेक्षाच नसते.

किमतीचं गणित या सगळ्यातून निघतं. बहुतेक जण कापड अधिक रंग अधिक मजुरी एवढं धरतात आणि वर थोडा नफा. उकळण्याचा तास धरत नाहीत, वहीतल्या पट्ट्यांसाठी वाया गेलेले हंडे धरत नाहीत, डाग पडून बाजूला ठेवलेलं कापडही धरत नाहीत. मग ते कापड फेकवत नाही, नुकसान डोळ्यांपुढे दिसतं, आणि ‘हातचं आहे’ हे वाक्य तोंडात येतं. डागाळलेल्याची किंमत चांगल्या मालात आधीच धरली असेल, तर त्या कापडाची पायपुसणी करताना जीव तुटत नाही.

राहिला हंगाम. ओल्या कापडातला रंग वाळता वाळता हलतो. पाणी खाली उतरतं तसा खालच्या काठाशी गडद पट्टा जमतो, घडीवर रेघ येते. जितकं सावकाश वाळेल तितकं हे जास्त. पावसाळ्यात पाणी मुबलक, पण कापड दोन-दोन दिवस ओलंच. चैत्र-वैशाखात वाळायला वेळ लागत नाही, सावलीतसुद्धा दुपारपर्यंत खडखडीत होतं, पण तेव्हा धुवायला पाणी नाही. पैनगंगा इथे उगमाजवळची, उन्हाळ्यात तिच्या भरवशावर राहता येत नाही, आणि प्यायच्या पाण्याची मारामार असताना रंगाचे हंडे विसळणारीला शेजारी बोलणारच. तेव्हा देऊळघाटात रंगाईचे खरे महिने कार्तिक ते फाल्गुन. दिवाळीला विकायचा माल आदल्या थंडीत रंगवून ठेवावा लागतो, म्हणजे त्यात घातलेला पैसा आठ-दहा महिने अडकून राहणार. कर्ज काढून सुरुवात करणारीने बँकेत जाण्याआधी एवढं कॅलेंडर मांडून बघावं, आणि पहिला हप्ता कधीपासून ते विचारावं.