न पाहिलेल्या जोडीचं ज्ञान

सुरतेत महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात रस्ताच पेढी होतो. दुकानाच्या पायरीवर, स्कूटरच्या सीटवर कागदी पुड्या उघडतात. चिमट्याने एक खडा उचलला जातो, डोळ्याला लावलेल्या लूपखाली दहापट मोठा होतो, आणि पुडी पुन्हा मिटते. जगात पैलू पडणाऱ्या हिऱ्यांपैकी बहुतेक हिरे याच शहरातल्या रत्नकलाकारांच्या हातांखालून जातात. पैलू पडल्यावर राहतं ते निवडीचं काम, ज्याला इथे सगळे असॉर्टिंग म्हणतात.

रंगाची निवड बघण्यासारखी असते. पांढऱ्या घडीच्या कागदावर खडे पालथे मांडतात, कारण वरून पाहिलं तर पैलूंची चमक रंग लपवते. कुशीतून पाहिलं की पिवळसर झाक उघडी पडते. दोन खडे शेजारी ठेवायचे, जास्त पांढरा कोणता ते ठरवायचं, पुढे जायचं. समजा दोन जणांनी अशा पाचपाचशे खड्यांच्या ओळी लावल्या, सर्वांत पांढरा खडा सर्वांत पुढे. आता दोन्हींची मिळून एक ओळ करायची आहे. प्रत्येक ओळीच्या तोंडाचा एकेक खडा घ्यायचा, त्यातला जास्त पांढरा नव्या ओळीत ठेवायचा, त्याच्या जागी त्याच्या मागचा पुढे आणायचा. फार तर 999 तुलनांत काम संपतं. इकडचा प्रत्येक खडा तिकडच्या प्रत्येक खड्याशी लावून पाहायचा म्हटलं, तर अडीच लाख तुलना होतील.

मग उरलेल्या दोन लाख एकोणपन्नास हजार जोड्यांचं ज्ञान आलं कुठून? त्या कोणी पाहिल्या नाहीत, तरी त्यांतला अधिक पांढरा खडा कोणता हे छातीठोकपणे सांगता येतं.

हा प्रश्न भारतीय दर्शनांनी फार जुन्या काळापासून लढवला आहे. चार्वाकांच्या नावावर सांगितलं जाणारं मत असं, की प्रत्यक्ष हे एकच प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच खरं. गौतमाच्या न्यायदर्शनात प्रमाणं चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पर्वतावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे, हे नैयायिक तिथवर न जाता सांगतो. हिऱ्यांची ओळही तसंच अनुमान करते. हा त्याच्याहून पांढरा, तो तिसऱ्याहून पांढरा, म्हणून पहिला तिसऱ्याहून पांढरा. शिवाय ओळी जुळवणारा माणूस शब्दप्रमाणही मानतो, कारण दोन्ही ओळी नीट लागलेल्या आहेत हे त्याला दुसऱ्यांनी सांगितलेलं असतं. त्या सांगण्यात एक खडा चुकीच्या जागी असला, तर नवी ओळही बिघडते आणि जुळवताना ते कळतही नाही.

ओळी जुळवत सगळा ढीग लावण्याची ही रीत गणकयंत्रासाठी जॉन फॉन नॉयमन यांनी 1945 मध्ये मांडली. ढीग अर्धा करा, अर्ध्याचा अर्धा करा, एकेक नग उरला की जोडत परत या. हजार खडे लावायला तिला जास्तीत जास्त 8,977 तुलना लागतात. प्रत्यक्षाखेरीज काहीच न मानणाऱ्याला सगळ्या 4,99,500 जोड्या पाहाव्या लागतील. एका तुलनेला पाच सेकंद धरले, तर नैयायिकाचं काम साडेबारा तासांत उरकतं. चार्वाकाला रोज आठ तास बसून 87 दिवस लागतील. पण अनुमानालाही तळ आहे. हजार खड्यांचे जितके क्रम संभवतात त्यांतून एक निवडायला, निव्वळ तुलनांवर चालणारी कोणतीही रीत वाईटात वाईट वेळी 8,530 तुलनांच्या खाली उतरूच शकत नाही, हे गणिताने सिद्ध आहे. (बारीक हिरे चाळणीने आकारवार वेगळे करतात तेव्हा ही मर्यादा लागू होत नाही, कारण चाळणी दोन खड्यांची तुलना करत नाही.) आठ-साडेआठ हजार वेळा तरी डोळे उघडून पाहावंच लागतं, आणि याचं समाधान वाटतं. पाहण्याला पूर्ण सुट्टी देणारं ज्ञान इथे मिळत नाही.

खरी अडचण व्याप्तीची, म्हणजे ‘जिथे धूर तिथे अग्नी’ अशा नियमाची आहे. अनुमान ज्या नियमावर उभं राहतं तो नियमच कशावरून, असा चार्वाकांचा आक्षेप होता, आणि हिऱ्यांच्या टेबलावर तो अजून जिवंत आहे. पहिला खडा आणि दुसरा एकाच रंगाचे वाटतात, दुसरा आणि तिसराही तसेच. पण पहिला तिसऱ्याशेजारी ठेवला की फरक चटकन दिसतो. म्हणून जवळ ठरावीक रंगाचे मास्टर स्टोन ठेवतात आणि रंग त्यांच्याशी ताडून ठरवतात.

गुण अनेक झाले की पेच वाढतो. तीन हिरे घ्या. पहिला रंगात अव्वल, शुद्धतेत दुसरा, घाटात शेवटचा. दुसरा घाटात अव्वल, रंगात मधला, शुद्धतेत शेवटचा. तिसरा शुद्धतेत अव्वल, घाटात मधला, रंगात शेवटचा. तीनपैकी दोन गुणांत जो सरस तो वरचा, असं ठरवा. पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि तिसरा पहिल्याला. ओळीचं चक्र होतं. मतदानातलं असंच चक्र कोंदोर्से या फ्रेंच विचारवंताने 1785 मध्ये दाखवलं होतं.

महिधरपुऱ्यापासून जवळच गोपीपुरा आहे. तिथल्या आगम मंदिरात जैनांचे आगम, म्हणजे धर्मग्रंथ, ताम्रपत्रांवर कोरून ठेवले आहेत. वस्तू अनेकधर्मी असते आणि आपण तिच्याबद्दल जे बोलतो ते कुठल्या तरी एका नयातून, एका बाजूने बोलतो, हा जैनांचा अनेकान्तवाद. हिऱ्यांच्या ओळीला तो नेमका लागू पडतो. रंगाच्या नयाने ओळ लागते, वजनाच्या नयाने दुसरी लागते, आणि दोन्ही खऱ्या असतात. ‘चांगला हिरा’ एवढ्यावर मात्र ओळ लागत नाही. आधी कुठल्या बाजूने, ते सांगावं लागतं. माणसांची ओळ लावताना, परीक्षेच्या गुणांनी असो वा पगाराने, हे सांगायचं आपण विसरतो आणि एका नयाच्या ओळीला माणसाची किंमत समजतो. ही चूक हिऱ्याच्या बाबतीत व्यापारी कधी करत नाही.

संध्याकाळी पुडी मिटते. तिच्या घडीवर वजन आणि रंग लिहिलेला असतो, दलाल तो वाचून दाखवतो. घेणारा ऐकून घेतो, पुडी उघडतो, एक खडा पालथा ठेवतो आणि कुशीतून पाहू लागतो.