चढणीचा मासा

मासा धरून खाणे यात पाप नाही, हे आपणां ख्रिस्ती कुटुंबांना कोणी शिकवावे लागत नाही. प्रभूचे पहिले शिष्य कोळी होते, आणि पुनरुत्थानानंतर प्रभूने सरोवराच्या काठी निखाऱ्यांवर मासळी ठेवून त्यांना न्याहारीस बोलाविले, असे संत योहान सांगतो. तेव्हा मासे खावेत की नाही, हा प्रश्नच नव्हे. प्रश्न एवढाच आहे, की जो मासा पळू शकत नाही, किंवा जो पुढची पिढी पोटात घेऊन निघाला आहे, त्याच्यावरही आपला हक्क तितकाच निर्मळ राहतो काय?

निफाड तालुक्यातील सायखेडा हे गोदाकाठचे गाव. पलीकडच्या तीरावर चांदोरी. ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये याच नदीचे पाणी या दोन्ही गावांत शिरले होते. पावसाळ्यात अशी रौद्र होणारी नदी उन्हाळ्याच्या अखेरीस दीनवाणी होते. धार मंदावते, खडक उघडे पडतात आणि मासे उरल्यासुरल्या डोहांच्या आश्रयाला जातात. तेथून थोडे खाली, गोदावरी व कादवा यांच्या संगमावर, नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. तेथील पाणथळीला २०२० साली ‘रामसर’ स्थळाचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. महाराष्ट्रातील असे ते पहिलेच स्थळ. तेथील पाहुणे पक्षी पाहावयास आपण दुर्बिणी घेऊन जातो. त्यांतील कित्येक पक्षी ज्या माशांवर जगतात, त्या माशांची विचारपूस मात्र फक्त बाजारात होते.

आटत्या डोहात जाळे टाकून घरापुरते मासे काढणारा भोई आणि त्याच डोहात सुरुंगाची दारू उडविणारा किंवा विष कालविणारा माणूस यांना आम्ही एका तागडीत तोलणार नाही. पहिला डोहातून अन्न घेतो. दुसरा डोहच मारतो. दारू आणि विष यांच्या वापराला १८९७ च्या मत्स्य कायद्याने बंदी घातली, त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. पण जे कायद्याने निषिद्ध नाही ते सारे उचितच असते, असे थोडेच आहे?

पहिला पूर आला, की खरी कसोटी लागते. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाच्या नव्या पाण्यात अंडी घालतात. त्या काळात मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात, ओढ्यांत आणि तुंबलेल्या शेतांत शिरतात. यांनाच आपण ‘चढणीचे मासे’ म्हणतो. त्यांना धरावयास कौशल्य लागत नाही. वाटेवर उभे राहिले म्हणजे पुरे. उत्तरेकडील थंड देशांत सामन नावाचा मासा उन्हाळा सरता सरता समुद्रातून आपल्या जन्मनदीत परततो. नदीत शिरल्यावर तो बहुधा खाणेही सोडतो, आणि पॅसिफिक महासागरातील त्याच्या बहुतेक जाती अंडी घालून मरून जातात. जगाच्या दोन टोकांना एकच गोष्ट घडते. आपल्या संततीसाठी निघालेला जीव स्वतःचे रक्षण विसरतो, आणि त्याचे हे विसरणेच आपल्याला सोयीचे वाटते.

निफाडच्या शेतकऱ्याला याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागणार नाही. भाव कितीही चढला, तरी पुढच्या हंगामाच्या बियाण्यासाठी राखलेला कांदा तो सहसा बाजारात नेत नाही. भुकेला हक्क आहे. पण त्या हक्काची सीमा बियाण्यापाशी संपते. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथाचा बाविसावा अध्यायही हेच सांगतो. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले, तर पिले घेण्यास मुभा आहे, पण मादीला सोडून द्यावे, अशी तेथे आज्ञा आहे. ही आज्ञा माणसाला उपाशी राहावयास सांगत नाही. हाती आलेले सर्वच घेऊ नये, एवढेच सांगते.

आपल्या भूमीलाही हा विवेक परका नाही. ज्या त्र्यंबकच्या डोंगरांतून गोदावरी पूर्वेला निघते, त्याच परिसरातून वैतरणा पश्चिमेला उतरते. वाड्याजवळ तिळसे येथे शिवमंदिरापाशी तिच्या डोहातील महाशीर मासे भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. लोक त्यांना खाऊ घालतात, धरीत नाहीत. उपासनेची रीत आपली नसेल. संयमाचा तो धडा मात्र आपण आदराने घ्यावा.

कोणी म्हणेल, ‘मी सोडला तर दुसरा धरील.’ हे खरेही असेल. परंतु दुसऱ्याच्या हावेने आपली हाव धुऊन निघत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याचे पोट नदीवर आहे, त्याने आषाढात काय खावे? संयमाचे सारे ओझे गरिबाच्या जाळ्यावर टाकणे, हा न्याय नव्हे. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात, तेव्हा त्या बंदीची झळ कोळ्याच्या घराला लागते, आणि पुढे भरलेल्या टोपलीचा लाभ आपणां सर्वांना होतो. नदीच्या बाबतीतही तसेच होईल. म्हणून नदी राखण्याची किंमत खाणाऱ्यानेही उचलली पाहिजे.

आणि खाणारे म्हणजे आपणच. गाभोळी भरलेली मासळी आपण हौसेने मागतो, तिला चार पैसे अधिक मोजतो. ती मागणीच चढणीच्या वाटेवर जाळे लावते. पहिल्या पुरानंतरचे काही आठवडे नदीची गाभोळीची मासळी आपण मागितली नाही, तर ताटात फारसे काही उणे पडणार नाही. उपवासकाळात आपण मांस वर्ज्य करतो, तेही मांस वाईट असते म्हणून नव्हे. हाताला थांबता यावे म्हणून. नदीलाही आपल्याकडून अशाच एका उपवासाची गरज आहे. घरात त्या दिवसांत कोणी गाभोळी का आणली नाही असे विचारील, तर मुलांना कारण सांगावे. ज्या घरात हे कारण एकदा बोलले जाईल, तेथील मुले नदीकडे निराळ्या नजरेने पाहतील, अशी आम्हांस आशा आहे.