शाळा कुरणांत जाते तेव्हां

निरक्षरतेविषयीं बोलतांना आपण सुशिक्षित लोक एक गोष्ट न तपासतां गृहीत धरतों. ती ही कीं, शाळा आपल्या जागीं स्थिर असावी आणि मुलानें तिच्याकडे चालत यावें. मूल आलें नाहीं, तर दोष त्याचा किंवा त्याच्या आईबापांचा. या समजुतीला महाराष्ट्रांत कृतीनें उत्तर दिलें तें ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं.

भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचें कार्य केलेल्या ताराबाईंनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई तेथेंच त्यांना मिळाल्या, आणि १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. भोंवतालचीं वारली मुलें शाळेंत येत नसत. कारण कोणाला धाकटें भावंड सांभाळावयाचें असे, कोणाला गुरें राखावयाचीं असत. तेव्हां शाळाच जागची हालली. पाड्यांतल्या अंगणांत भरली ती अंगणवाडी झाली. धाकट्या भावंडांसाठीं पाळणाघर जोडलें गेलें. आणि गुराख्यांच्या मागोमाग रानांत गेली ती कुरणशाळा. माँटेसोरीबाईंच्या महागड्या साधनांची जागा खडे, बिया, पानें आणि शंखशिंपले यांनीं घेतली.

या प्रयोगाच्या मुळाशीं एक विचार आहे. रानांतल्या झाडांचीं व पांखरांचीं नांवें ज्याला तोंडपाठ आहेत, तो मुलगा अज्ञानी नव्हे. तो केवळ निरक्षर आहे. अक्षर ही खूण आहे, आणि खुणेला वस्तूचा आधार लागतो. शहरांतल्या मुलापाशीं पुष्कळदां खूण असते, वस्तु नसते. गुराख्यापाशीं वस्तु असते, खूण नसते. त्याच्या हातांतल्या पानाचेंच नांव धुळींत लिहून दाखविलें, कीं अक्षर त्याला परकें राहत नाहीं. मात्र मोकळें आकाश कोणालाहि वाचावयास शिकवीत नाहीं. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरें यांना रोजचा सराव लागतो. निसर्ग वाचनाची इच्छा देईल, वाचन देणार नाहीं. हा भेद विसरला म्हणजे शिक्षणाची सहल होते.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, शाळाच गुराख्यामागें गेली, तर त्यानें गुराखीच राहावें याला आपण संमति दिली असें होत नाहीं काय? आक्षेप खोटा नाहीं. मुलाला तो आहे तेथें भेटणें आणि त्याला तेथेंच सोडून येणें यांत मोठें अंतर आहे. कोसबाडच्या विकासवाडींत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा हीं एकाच ठिकाणीं जोडलेलीं होतीं. कुरणांतून पुढें जावयास वाट होती, म्हणून ती कुरणशाळा न्याय्य ठरते. आज तर २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क देतो. आतां कुरण हें शाळेचें अंग होऊं शकेल; शाळेऐवजीं कुरण चालणार नाहीं. आपल्या मुलांना आपण पैसे मोजून रानांतल्या शिबिरास धाडतों, आणि खेड्यांतल्या मुलाला छप्पर गळतें म्हणून झाडाखालीं बसवितों. या दोहोंना निसर्गशिक्षण हें एकच नांव देणें ही आत्मवंचना होय.

आम्हां सोलापूरकरांना हा प्रश्न दूरचा नाहीं. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत चादरी व टॉवेल विणले जातात, आणि तेथून थोड्याच अंतरावर ज्वारीचीं शेतें लागतात. आईबापांबरोबर गांव सोडून येथें आलेल्या मुलाचें शिवार सुटलेलें असतें आणि अक्षर अजून हातीं आलेलें नसतें; कित्येकांच्या घरची भाषा तर तेलुगू किंवा कानडी असते. अशा मुलाचें कुरण म्हणजे कारखान्याबाहेरचा रस्ता. मालमोटारीच्या पाठीवरचीं अक्षरें, दुकानांच्या पाट्या, बापाच्या तोंडचे ताणा आणि बाणा हे शब्द, कडेची बाभूळ, हेंच त्याचें पहिलें पुस्तक. शिक्षकानें त्याला त्या रस्त्यानें हिंडवावें, पाहिलेलें बोलावयास लावावें, बोललेलें लिहून घ्यावें आणि लिहिलेलें दुसऱ्या दिवशीं वर्गांत पुन्हां वाचून घ्यावें. यास खर्च थोडा लागतो. धीर मात्र पुष्कळ लागतो.

अशा शाळेला वर छप्पर आहे कीं आकाश, ही तिची कसोटी नव्हे. कोणी वाचून न दाखविलेली ओळ मूल ज्या दिवशीं आपणहून वाचतें, आणि ती पटली नाहीं तर तसें सांगतें, त्या दिवशीं तें साक्षर झालें असें म्हणावें. तोंवर शाळेनें त्याच्याकडे चालत जाणें, हें उपकार नसून तिचें कर्तव्य आहे.