आरा तुटला, दोष कोणाचा?

सायकलचा आरा तुटला की आपण निकाल देऊन मोकळे होतो: तार कच्ची होती. मागच्या चाकाचा तिसरा आरा थोड्याच महिन्यांत तुटला, तेव्हा आम्हीही हाच निकाल दिला आणि मिस्त्रींना म्हणालो, "चाक नव्याने बांधा, पण या वेळी आरे चांगले जाड घाला."

मिस्त्री हसले. "फादर, आरा बारीक होता म्हणून नाही तुटला. सैल होता म्हणून तुटला."

ताणलेली तार तुटावी हे समजते. सैल तार का तुटावी? विचार केल्यावर उलगडा झाला. बैलगाडीच्या चाकातील लाकडी आरा खांबासारखा उभा राहून भार पेलतो. सायकलचा आरा म्हणजे तार, आणि तारेला भार ढकलून धरता येत नाही. तिला फक्त ओढून धरता येते. सर जॉर्ज केली यांना १८०८ साली अशा ताणलेल्या आऱ्यांच्या चाकाची कल्पना सुचली, तिचे मर्म हेच. चाक फिरताना जमिनीलगत येणाऱ्या आऱ्याचा ताण क्षणभर कमी होतो. मुळात पुरेसा ताण असेल तर तो हे सहज सोसतो. मुळातच सैल असलेला आरा मात्र प्रत्येक फेऱ्यात पूर्ण ढिला पडतो, पुन्हा ओढला जातो, आणि हबमध्ये अडकलेल्या वाकड्या टोकाशी धातू शिणत जाऊन एके दिवशी तुटतो. त्याच्या शेजारच्यांवरचा भार वाढतो. म्हणून तीन तुटल्यावर मिस्त्रींनी सगळेच आरे बदलले. उरलेले साबूत दिसत होते, पण तेही तेवढेच शिणले होते.

नव्या आऱ्यांची निवड करताना जाडीपेक्षा माप महत्त्वाचे. हब केवढा, रिम केवढी, भोके किती, एक आरा वाटेत किती आऱ्यांना ओलांडणार, यावरून लांबी ठरते. आरा लांब झाला तर टोक निपलबाहेर येऊन ट्यूबला टोचते. आखूड झाला तर निपलमध्ये पुरेसे आटे बसत नाहीत. उत्तम चाकांत दोन्ही टोकांशी २ मिलिमीटर आणि मध्ये १.८ मिलिमीटर असे आरेही वापरतात. मधला बारीक भाग किंचित अधिक ताणला जातो, धक्का शेजाऱ्यांत वाटला जातो आणि टोक वाचते. म्हणजे सर्वांत दणकट तो सर्वांत योग्य, असे नव्हे.

मिस्त्रींचे वाक्य आम्हांला झोंबले, त्याचे कारण निराळे होते. आमच्या धर्मग्रामात मुलांना धर्मशिक्षण देणारा एक तरुण काही वर्षांपूर्वी अचानक काम सोडून गेला. पुढे त्याचे चर्चला येणेही थांबले. "त्याची श्रद्धाच कच्ची," असे आम्ही चारचौघांत बोललो आणि त्याच्या जागी अधिक खंबीर वाटणारा दुसरा नेमला. वर्षभरात तोही गेला. तरीही आम्ही तारेलाच दोष देत राहिलो.

माणूस मोडतो तेव्हा दोष कोणाचा? व्यक्तीची जबाबदारी नाकारता येत नाही. ती नाकारली तर पापनिवेदनाला अर्थच उरणार नाही. परंतु १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ हेही सांगतो की अज्ञान, भीती, दडपण अशा कारणांनी माणसाच्या कृतीचा दोष कमी होऊ शकतो. मग तो उणा झालेला भाग कोठे जातो? आम्हांला वाटते, त्यातील काही वाटा चाक बांधणाऱ्याच्या पदरी येतो. त्या तरुणाला आम्ही वर्ग सोपवला आणि विसरलो. कधी विचारपूस नाही, कधी सोबत नाही. वार्षिक सणाच्या तोंडावर मात्र कामाचा डोंगर. एकदा पूर्ण ढिला, एकदा पूर्ण ताणलेला. संत पौल करिंथकरांना एका शरीराच्या अवयवांविषयी लिहितात, त्यावर आम्ही किती प्रवचने दिली असतील! एका अवयवाचे दुःख इतरांना जाणवावे लागते, हे मात्र त्या वर्गाच्या दाराशी जाऊन कधी पाहिले नाही.

तरीही ही उपमा एका ठिकाणी थांबते. आरा चाकासाठी असतो. माणूस धर्मग्रामाची कामे चालावीत म्हणून जन्माला आलेला नसतो. तुटलेला आरा भंगारात जातो आणि त्यात मिस्त्रींचे काही चुकत नाही. प्रभूच्या दाखल्यातील मेंढपाळ मात्र नव्व्याण्णव मेंढरे असतानाही एकाला शोधायला निघतो. बदली माणूस मिळाला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे मेंढपाळाला म्हणता येत नाही.

चाक बांधून झाल्यावर मिस्त्रींनी आऊट काढला, आणि मग तंबोऱ्याच्या तारा छेडाव्यात तसे आरे बोटाने छेडत कान देऊन ऐकले. ज्याचा आवाज बद्द आला, त्याचे निपल थोडे आवळले.

त्या संध्याकाळी आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. तू का सोडून गेलास, असे विचारले नाही. तेव्हा तुझ्यावर काय काय येऊन पडले होते, एवढेच विचारले. तो बराच वेळ बोलला. चर्चला तो अजून आलेला नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत.